हुल्डा हॅचने न केलेली सही

माझी थोरली जाऊ हुल्डा हॅच फार गोड बाई होती, असं तिच्या दफनाच्या दिवशी पाद्रीबुवा म्हणाले, तेव्हा मागच्या बाकावर दोघीतिघींना एकदम खोकला आला. ती गोड नव्हती. तिने सुकवलेला कॉड मासा मात्र अख्ख्या ईस्टपोर्टमध्ये सगळ्यात चांगला असे, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं. मासा चिरून खारवणं कुणालाही जमतं. खरं काम त्यानंतरचं. काठ्यांच्या उंच माचावर मासा पसरायचा, मांस वर. ऊन फार तापलं की कातडी वर. धुकं दिसलं की सगळा गोळा करून ढीग लावायचा आणि झाकायचा. आमच्या बेटावर धुकं सांगून येत नाही. बाकीच्या बायका आभाळाकडे बघत. हुल्डा अंगठ्याने मासा दाबून बघे आणि सांगे, "अजून तासभर आहे." तासभर असेच.

तिचं माझं फार सख्य होतं असं नाही. मी लग्न होऊन आले त्या पहिल्या उन्हाळ्यात तिने माझा अर्धा माच परत उलटवला होता, सगळ्यांच्या देखत. "लव्हिना, हा मासा आहे, पांघरूण नव्हे. घड्या काय घालतेस?" मी ते दहा वर्षं विसरले नाही.

तिचा नवरा सायलस माझा मोठा दीर. माझा नवरा जोथम त्याच्याहून तीन वर्षांनी धाकटा. सायलसच्या जन्माच्या वेळी आमच्या बेटावर सुईण नव्हती. सुईण होती समोरच्या कँपोबेलो बेटावर. सासूबाई दिवस भरत आले तशा होडीत बसून तिच्याकडे जाऊन राहिल्या, आणि सायलस तिकडे झाला. जोथमच्या वेळेपर्यंत इकडे एक सुईण लग्न करून आली होती, म्हणून तो इकडे. कँपोबेलो इंग्लंडच्या राजाचं आणि आमचं बेट अमेरिकेचं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण कळा सुरू झालेल्या बाईला कुणी झेंडा विचारत नाही. त्या म्हातारीच्या हाताखाली जन्मलेली आमच्या बेटावर निदान वीस माणसं होती.

मग ती वर्षं आली. इंग्रजांचं फ्रेंचांशी युद्ध चाललेलं, त्यांच्या जहाजांवरची माणसं संधी मिळाली की पळत, आणि ते आमची गलबतं भर समुद्रात थांबवून वर चढत. धडधाकट माणूस दिसला की 'हा आमचाच पळालेला' म्हणून घेऊन जात. म्हणून आमचे खलाशी सरकारी कचेरीतून एक कागद काढून बाळगत: नाव, उंची, डोळ्यांचा रंग, हनुवटीवरचा व्रण, हा माणूस अमेरिकन आहे. सायलसने तो काढला तेव्हा कारकुनाने विचारलं, जन्म कुठला? सायलस सरळ माणूस. म्हणाला, कँपोबेलो. कारकून आमच्याच गावचा, त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याने लिहिलं: जन्म कँपोबेलो, आईबाप अमेरिकन.

अठराशे दहा साली सायलस आमचाच खारा मासा घेऊन वेस्ट इंडीजला निघालेल्या गलबतावर होता. राजाच्या लढाऊ जहाजाने ते थांबवलं. गलबताचा कप्तान परत आल्यावर आमच्या स्वयंपाकघरात टोपी मांडीवर ठेवून बसला आणि घडलं ते त्याने सांगितलं. त्या इंग्रज अधिकाऱ्याने कागद वाचला, हसला आणि म्हणाला, "आभारी आहे. हा आमचा आहे असं तुम्हीच लिहून आणलंत." आणि सायलसला होडीत उतरवून घेऊन गेला.

हुल्डाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याच्या अंगावर जाड कोट होता का?"

कप्तान म्हणाला, होता.

"मग ठीक," असं म्हणून ती माचाकडे निघून गेली. त्या दिवशी तिच्या हाताला कुणी मदत केलेली तिला चालली नाही.

दोन वर्षांनी आमचं आणि इंग्रजांचं युद्ध सुरू झालं. वॉशिंग्टनला लोक भाषणं करत होते की आमची माणसं चोरता म्हणून आम्ही लढतो. आम्ही मात्र कँपोबेलोच्या लोकांशी लोणी, पीठ आणि लग्नं पूर्वीसारखीच चालू ठेवली. दोन्ही बाजूंनी ठरवून टाकलं होतं की हे भांडण मोठ्यांचं आहे. फक्त हुल्डा तिकडून आलेलं काही घरात घेईना. एकदा मीच तिच्यासाठी तिकडच्या चहाची पुडी नेली. तिने ती दाराच्या चौकटीवर ठेवून दिली, आत नाही आणि बाहेर नाही, आणि ती तिथेच ओली होऊन गेली. "त्यांच्याकडे माझा नवरा आहे," ती म्हणाली. "तो परत करा म्हणावं, मग चहाचं बघू."

अठराशे चौदाच्या जुलैत इंग्रजांची लढाऊ जहाजं आमच्याच बंदरात येऊन उभी राहिली. टेकडीवर आमचे मूठभर शिपाई होते. त्यांना विचार करायला पाच मिनिटं दिली आणि त्यांनी तेवढीही सगळी वापरली नसावीत. झेंडा उतरला, दुसरा चढला. तिसऱ्या दिवशी जाहीरनामा लागला: हे बेट पहिल्यापासून राजाचंच आहे. प्रत्येक घरच्या कर्त्याने शाळेत येऊन राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी. जो घेणार नाही त्याने सात दिवसांत बेट सोडावं. घर आणि जमीन मागे राहील.

त्या दुपारी आम्ही तिघं हुल्डाच्या टेबलाभोवती बसलो होतो. घेवडा शिजवलेला आणि काळा पाव. जोथमने चमचा खाली ठेवला.

"वहिनी, मी शपथ घेणार आहे. आधीच सांगतो, मागून कळायला नको."

"कळलं असतंच. तू आरशासमोर तोंड हलवून बघत होतास ना सकाळी."

"दोन पोरं आहेत मला. गलबताचा अर्धा वाटा आहे. तोंडाने चार शब्द म्हटले तर काय झिजतं?"

"तुझं काही झिजत नाही. तुझं आधीच गुळगुळीत आहे."

मी हसले आणि जोथमने माझ्याकडे बघितलं, म्हणून मी पाव कापायला लागले.

"तू पण घे," तो म्हणाला. "ऐक माझं. सायलसला जाऊन चार वर्षं झाली. एक ओळ आली नाही. तू विधवा म्हणून नाव लिही. विधवा म्हणजे घरची कर्ती. शपथ घेतलीस की घर तुझं, माच तुझा. पुढं युद्ध संपलं की बघू."

"मी विधवा नाही."

"कशावरून?"

"कुणी मला सांगितलेलं नाही म्हणून. माणूस घेऊन गेले ते सांगायला कप्तान आला. मेला असता तर कुणीतरी टोपी मांडीवर घेऊन आलंच असतं."

"हे घर जाईल, वहिनी. बाबांनी बांधलेलं घर आहे."

"माहीत आहे. धुराड्याचा दगड सायलसने वाहिलाय." तिने त्याच्या ताटलीत आणखी घेवडा वाढला. "खा. उद्या शपथ घ्यायला जोर लागेल."

दुसऱ्या दिवशी शाळेत इतकी गर्दी होती की पोरांची बाकं बाहेर काढून ठेवली होती. मास्तरांच्या मेजामागे लेफ्टनंट विथर्स म्हणून एक तरुण अधिकारी बसला होता, नाक उन्हाने सोललेलं. माणसं रांगेने जात, पुस्तकावर हात ठेवत, पुटपुटत, सही करत. जोथमने शपथ जरा घाईनेच म्हटली. आपली माणसं एकमेकांकडे न बघता एवढ्या लहान खोलीत कशी मावू शकतात, ते मी त्या दिवशी पाहिलं.

हुल्डाची पाळी आली. तिचे हात खारट पाण्याने लाल झालेले आणि एप्रनला माशाचे खवले. मुद्दाम तशीच आली होती की वेळ झाला नव्हता, कोण जाणे.

"तुमचे यजमान कुठे आहेत, बाई?" विथर्सने विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं."

"म्हणजे?"

"तुमच्या जहाजावर आहेत. चार वर्षं. तुम्हीच नेलेत."

मागे कुणीतरी घशातल्या घशात हसलं. विथर्स लाल झाला. आधीच होता, पण आणखी झाला.

"मग शपथ तुम्ही घ्या."

"मी कशी घेऊ? मी लग्नाची बाई. कायद्याने माझा शब्द माझ्या नवऱ्याच्या खिशात असतो. तुमच्याकडेही असंच असेल ना? माझ्या नवऱ्याला आणा, त्याला विचारा. तो हो म्हणाला तर मला काही म्हणायचं राहत नाही."

आता हसू लपवायचे कुणी कष्ट घेतले नाहीत. मला वाटलं, झालं, हा हिला धक्क्यावरूनच होडीत बसवणार. पण तो माणूस वाईट नव्हता. त्याने सायलसचं नाव विचारलं, कारकुनाशी काही बोलला आणि मग खुर्ची पुढे ओढून खालच्या आवाजात बोलू लागला. मी तिच्या पाठीशीच उभी होते, म्हणून मला ऐकू आलं.

"बाई, तुमचे यजमान कँपोबेलोत जन्मले ना? मग ते राजाचे प्रजाजन, आणि राजाच्या आरमारात नोकरीला आहेत. त्यांच्या घराला आम्ही हात लावणार नाही. शपथेचीही गरज नाही. मी एक ओळ लिहितो, तुम्ही खाली सही करा. सायलस हॅच हा राजाच्या आरमारात स्वखुशीने नोकरी करतो. बस. घर तुमचं, माच तुमचा, शिवाय कुणी शिपाईही तुमच्या घरात उतरणार नाही."

त्याने लिहिलंसुद्धा. अक्षर सुंदर होतं. कागद तिच्याकडे फिरवला आणि टाक पुढे केला. जोथम दाराजवळून मान हलवत होता, कर, कर.

हुल्डाने कागद वाचला. तिला वाचायला जरा वेळ लागे, ओठ हलत. मग तिने लाल बोट एका शब्दावर ठेवलं.

"हे काढा. स्वखुशीने."

"ते काढलं तर वाक्याला अर्थ राहत नाही."

"राहतो. सायलस हॅच राजाच्या आरमारात नोकरी करतो. खरं आहे ते. त्याखाली 'जबरदस्तीने' लिहा, मी आत्ता सही करते."

"तसं मला लिहिता येत नाही."

"का?"

त्याने पुढे केलेला टाक परत दौतीत ठेवला. उत्तर त्याला देता येत नव्हतं, हे त्यालाही कळत होतं आणि तिलाही. जबरदस्ती आहे असं राजाच्या कागदावर लिहिलं गेलं असतं तर हे सगळं युद्ध कशासाठी चाललं होतं, तेच कबूल झालं असतं.

"बाई, एका शब्दासाठी घर सोडणार का?"

"शब्द तुम्ही घातलात," हुल्डा म्हणाली. "मी तर घरून तो घेऊन आले नव्हते."

सात दिवसांपैकी सहा दिवस तिने मासा सुकवला. बेटावरच्या बायका तिच्यावर चिडल्या होत्या. हिच्या मिजाशीपायी सगळ्यांवर डोळा राहील, असं त्या म्हणत, आणि मीही त्यांच्यात उभी राहून ऐकत असे. पाचव्या दिवशी विथर्स स्वतः तो कागद घेऊन तिच्या माचाशी आला. ती म्हणाली, उन्हात उभे राहू नका, नाक आणखी सोलेल. तो गेला.

सातव्या दिवशी तिने माचाच्या काठ्या सोडवल्या, मोळ्या बांधल्या, दोन पिंपं, एक खाट आणि सासूबाईंची कढई होडीत घातली. जोथम मदतीला आला नाही. मी गेले. आमचं वाटेत भांडण झालं.

"तुम्हाला काय मिळालं, जाऊबाई?" मी वल्ही मारता मारता विचारलं. "सायलसभाऊजी आले तर त्यांना घर कुठलं दाखवाल?"

"आणि तो आला, आणि त्याला त्यांनी माझ्या सहीचा कागद दाखवला तर? की बघ, तुझ्या बायकोने लिहून दिलंय, तू मनाने आलास?"

"कोण दाखवतंय?"

"तो कागद असेल तर दाखवायची गरज नाही. तो कुठेतरी असेल, तेवढं पुरे." मग म्हणाली, "डावं वल्हं खोल घाल. गोल फिरतोय आपण."

समोर अमेरिकेच्याच हद्दीतल्या लुबेकच्या किनाऱ्यावर तिने एका ओसाड मीठघरात संसार मांडला. तिथून आमच्या बेटावरच्या घरांची धुराडी मोजता येत. तिच्या घरात त्यांनी सार्जंट लोकांना उतरवलं.

पुढच्या फेब्रुवारीत तह झाल्याची बातमी आली. लोकांनी घंटा वाजवल्या. मग कळलं की तहात सगळं पूर्वीसारखं करायचं ठरलंय, फक्त आमची बेटं सोडून. ती कुणाची ते पंच बसून ठरवणार. आणि ज्या चोरलेल्या माणसांसाठी लढतो म्हणत होते, त्यांच्याबद्दल त्या तहात एक ओळ नव्हती. सगळा देश शांततेत जगत होता आणि आमच्या टेकडीवर रोज सकाळी तोच झेंडा चढत होता.

ऑक्टोबरात एके दुपारी आमच्या दारात एक माणूस उभा राहिला. केस पांढरे, एक खांदा खाली गेलेला. माझ्या हाताला पीठ होतं. हनुवटीवरचा व्रण बघून मी जोथमला हाक मारली.

सायलसला आम्ही खाऊ घातलं. तो फार हळू जेवला, ताटलीभोवती हाताचं कुंपण करून. हुल्डा कुठे आहे ते आणि का आहे ते जोथमने सांगितलं. शाळेतली गोष्ट सांगताना जोथम हसत होता, पण सायलस हसला नाही. त्याने चमचा ठेवला.

"मुक्ततेचा कागद आहे ना तुझ्याकडे?" जोथमने विचारलं. "बघू. अरे, हे तर फारच चांगलं. यात तर लिहिलंय स्वखुशीने भरती. उद्या सकाळी हा घेऊन टेकडीवर जा, संध्याकाळी घराची किल्ली हातात."

मी सायलसच्या तोंडाकडे बघितलं आणि जोथमच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

मीच त्याला लुबेकला पोहोचवलं. हुल्डा माचावर मासा उलटत होती. तिने आम्हाला येताना पाहिलं, हातातला मासा नीट ठेवला आणि मग किनाऱ्याकडे आली. त्या दोघांनी काय केलं ते मी सांगत नाही. मी होडी ओढून घेत होते आणि दुसरीकडे बघत होते.

बऱ्याच वेळाने सायलस म्हणाला, "हुल्डा, जोथमने सांगितलं मला. शाळेतलं."

"तो तिखटमीठ लावून सांगतो."

"तू सही केली नाहीस. मी केली." त्याने कागद काढला नाही, खिशावर हात ठेवला फक्त. "तिसऱ्या महिन्यात. आधी दोनदा पाठ सोलली. मग म्हणाले, स्वखुशीने आलो असं लिहून दे, म्हणजे घरी पत्र लिहू देऊ. मी दिलं लिहून. पत्रही लिहिलं. तुला मिळालं का?"

"नाही."

सायलसने मान हलवली, जणू त्याला ते माहीतच होतं. "म्हणजे तू ज्यासाठी घर सोडलंस ते खोटंच होतं. कागद होताच त्यांच्याकडे. आता तो दाखवला तर घर परत मिळतं, असं जोथम म्हणतो. दाखवतो मी. एवढं तरी करू दे."

 हुल्डा माचाकडे गेली, चारपाच मासे उलटले, ज्यांना उलटायची काही गरज नव्हती. मी म्हटलं, आता रडेल. ती परत आली तेव्हा संतापलेली होती.

"तू सही केलीस तेव्हा चारी बाजूंना पाणी होतं आणि समोर चाबूक. मी शाळेत उभी होते, दार उघडं, भोवती सगळं गाव. तुझी सही त्यांनी काढून घेतली. मी केली असती तर ती मी दिली असती. माझ्या सहीने तुझी सही खरी झाली असती, कळतंय का तुला? आणि आता तू मोकळ्या पायांनी, आपल्या मनाने टेकडी चढून तो कागद दाखवणार? मग तर ती आज खरी होईल."

"घर, हुल्डा."

"घर तिथेच आहे. मला इथून रोज दिसतं. त्यांचा झेंडा उतरला की जाऊ."

"आणि नाही उतरला तर?"

"तर इथे माच आहे. तू चिरायला बस. चिरायचं विसरला नाहीस ना? लव्हिना, तू का उभी आहेस? मीठ आण."

मी मीठ आणलं.

तीन वर्षं तो चिरायला बसला आणि ती सुकवत राहिली. जोथमने दोनदा निरोप पाठवला, की तो कागद दाखवा आणि घर घ्या. दुसऱ्या निरोपाला हुल्डाने उत्तर म्हणून त्याला चांगला सुकवलेला कॉड पाठवला, सोबत चिठ्ठी: हा शपथ न घेतलेला आहे, जपून चाव.

अठराशे अठराच्या जूनअखेरीस पंचांनी आमचं बेट अमेरिकेचं ठरवलं म्हणून तो झेंडा उतरला. बाहेर गेलेली माणसं होड्या भरून परत आली. धक्क्यावर गावातर्फे एक कारकून वही घेऊन बसला होता, परतलेल्यांची नावं आणि त्यांची घरं लिहून घ्यायला. रांग पार पाण्यापर्यंत गेलेली. मी आणि जोथम त्यांचं सामान उचलायला आलो होतो.

"युद्धाच्या काळात कुठे होता?" कारकुनाने सायलसला विचारलं.

सायलसने खिशावर हात ठेवला. हुल्डाने त्याच्याकडे बघितलंही नाही, समोर बघत राहिली. मग तो म्हणाला, "राजाच्या जहाजावर. जबरदस्तीने नेलं होतं."

कारकुनाने लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. हुल्डाने वही आपल्याकडे फिरवली आणि वाचली, ओठ हलवत.

"तुम्ही नुसतं 'खलाशी' लिहिलंय."

"एवढीच जागा आहे, बाई. मागे रांग बघा केवढी आहे."

"बघितली. आम्ही चार वर्षं थांबलो, रांग दोन मिनिटं थांबेल. सगळं लिहा."

कारकुनाने सुस्कारा सोडला, वही आडवी धरली आणि सगळं वाक्य समासात लिहिलं. हुल्डाने ते दोनदा वाचलं. मग तिने न मागता टाक घेतला, त्याखाली आपलं नाव लिहिलं आणि तो सायलसच्या हातात दिला.

मागचे लोक कुरकुरत होते. जोथमने तिची खाट उचलली आणि मी पिंप. आम्हाला त्या रांगेत उभं राहायचं नव्हतं. आम्ही कुठे गेलोच नव्हतो.